पुढच्या दोन वर्षांचा कागद

रविवारी अप्पा बळवंत चौकात शटरं अर्धी खाली.
तांबोळी बाइंडिंगच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं,
खळीचा वास, पायाशी कागदाच्या पट्ट्या,
आणि कटिंग मशीनवर, पातं नीट झाकून,
यास्मिनचा लॅपटॉप.

विषय : टाचणी. आपली भाषा.
वय तीन वर्षं, आवृत्ती शून्य पूर्णांक सात.
मालक कुणीच नाही,
म्हणजे भांडायला सगळे.

वाया गेलेल्या जर्नलच्या पाठकोऱ्या बाजूला
ढमढेरे एक लांब रेघ ओढतो
आणि तिच्यावर महिने टांगत जातो.
मार्चपर्यंत मॉड्यूल. जूनपर्यंत कागदपत्रं.
दिवाळीला चुकांचे संदेश माणसासारखे बोलतील.
"कुठल्या माणसासारखे?" खळदकर बाई विचारतात.
बाईंनी तीस वर्षं व्याकरण शिकवलंय,
त्यांना उत्तर द्यावं लागतं.

पहिला तास एका शब्दावर गेला.
'जर' खोटं ठरलं तर पुढे काय लिहायचं?
सध्या 'नाहीतर' आहे. मीच घातला,
रात्री दोन वाजता दुसरा सुचेना म्हणून.
बाई म्हणतात, नाहीतर म्हटलं की छडी दिसते.
ढमढेरेला 'अन्यथा' हवा.
"ती कोर्टाची नोटीस," यास्मिन.
मग बाईच, चष्मा पुसत :
"एरवी कसा आहे? त्यात धमकी नाही.
नुसता दुसरा रस्ता."
कागदावर एरवी. पुढे प्रश्नचिन्ह.

मग मी ते काढलं
जे आठ दिवस मला झोपू देत नव्हतं.
आपलं 'पूर्ण' चुकतं.
बरोबर अर्धा पैसा उरला
की वर न्यायचं सोडून खाली टाकतं.
मी 'पेक्षा जास्त' लिहिलं होतं,
'किंवा तितकंच' राहून गेलं.
दुरुस्ती एका चिन्हाची,
चहा येईपर्यंत होईल.

"आणि गलांडे?" यास्मिन म्हणाली.

इंदापूरकडचे सोपान गलांडे.
दूध संकलनाचा हिशोब टाचणीत मांडतात,
एकशे बारा खाती, दोन वेळचं माप, फॅटवर दर.
चूक त्यांना आमच्या आधी सापडली होती.
बोलले नाहीत.
आपल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली
आणि वर शेरा :
भाषा अर्धा पैसा खाते, तो इथे परत देतो.

म्हणजे आम्ही सुधारलो
की त्यांची ओळ न खाल्लेलं परत देत बसणार.

ढमढेरेनं बोटांवर मांडलं,
"रोजचे फार तर एक रुपया बारा पैसे."
"मग तू भर," बाई म्हणाल्या.

चहा आला, निवला.
ठरलं ते असं :
जुनं 'पूर्ण' चुकीसकट तसंच राहील,
नवं वेगळ्या नावानं येईल, नाव अजून नाही,
आणि दोन वर्षं दोन्ही शेजारी नांदतील.
माझी चूक आता कुणाच्या तरी भिंतीतली वीट आहे.
ती काढायची तर आधी घरात विचारायला हवं.

रेघेच्या उजव्या टोकाला ढमढेरे थांबला.
पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
नव्या कंपनीच्या करारात आहे म्हणे,
संध्याकाळचं डोकंसुद्धा त्यांचंच.
एक तारखेपासून.
कुणी काही बोललं नाही.
अर्धा कागद त्याच्या अक्षरात होता,
मार्च, जून, दिवाळी, सगळं.

यास्मिन मोबाईलवर स्वारगेटच्या गाड्या बघत होती.
"सहा चाळीसची मिळेल," ती म्हणाली,
"एरवी मेल टाकली असती,
पण हे तोंडानं सांगायला हवं."

शब्द आला आणि गेला,
बाईंनीसुद्धा मान वर केली नाही.
कागद तिच्या पिशवीत मावत नव्हता.
ती म्हणाली, कडेनं कापू का थोडा?
आम्ही तिघंही एकदम नको म्हणालो.